कुमुदवहिनीची काळ्या कागदाची भुतं

अण्णाचा फोन आला आणि तो काही बोलायच्या आधीच मला कळलं. माझा भाऊ फोन करत नाही. पन्नासएक वर्षांत आमच्या दोन घरांमधलं सगळं बोलणं वहिनीनेच केलं. पत्रं तिने लिहिली, मग दुकानातल्या फोनवर तीच बोलली, मग मोबाईलवर. शेवटी ती म्हणायची, "थांब, तुझ्या भावाला देते," आणि अण्णा अर्धा मिनिट "हं, बरं आहे, पाऊस आहे का तिकडे?" एवढं विचारून फोन परत तिच्या हातात द्यायचा. त्या दिवशी सकाळी मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. फोनवर नाव आलं वहिनीचं आणि आवाज अण्णाचा. "शैला…" म्हणाला आणि पुढे नुसता श्वास. मी विचारलं, "वहिनी?" तर म्हणाला, "हं." तीन दिवस ताप होता, खोकला होता, सकाळी दवाखान्यात नेताना गाडीतच गेली, हे सगळं नंतर शेजारच्यांनी सांगितलं.

मिरजगावहून कोल्हारला पोचायला आम्हाला दुपार झाली. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. केस पांढरे झालेल्या बायासुद्धा "आमच्या बाई गेल्या" म्हणून पदराने डोळे पुसत होत्या. प्रवरेच्या काठावर दोघातिघांनी चार शब्द बोलून घेतले. चित्रकलेच्या बाई, ग्रेड परीक्षेला मुलींना रविवारीही शिकवणाऱ्या बाई, शाळेच्या फळ्यावर रोज सुविचाराभोवती वेल काढणाऱ्या बाई… सगळं खरं होतं. पण वहिनीने आयुष्यात जी सगळ्यात मोठी गोष्ट केली, तिच्याबद्दल कुणी काही बोललं नाही, कारण ती कुणाला माहीतच नव्हती. मला माहीत होती. मी बोलले नाही. ती सांगायची तर पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि पुढच्यात मी आहे. आज पाच आठवड्यांनी लिहायला बसले आहे.

कुमुदवहिनी आमच्याकडे आली तेव्हा अण्णा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता आणि आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे एवढासा व्हरांडा. वडील आधीच गेलेले. मी एकोणीस वर्षांची, ती पंचविशीची. नगरला तिच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. तिच्या सामानात इतर सुनांसारखी भांडीकुंडी, गादी होतीच, पण एक उंच लोखंडी दांडा आणि त्याला सरकणारा हातही होता. फोटो मोठे करायच्या यंत्राचा जुना स्टँड. आईने तो सगळीकडून हात लावून बघितला आणि विचारलं, "हे काय गं, शेवयाचं यंत्र हाय का?" वहिनी इतकी हसली की नव्या सुनेने इतकं हसावं का, असं आईच्या तोंडावर आलं. मग आईही हसली. त्या स्टँडबरोबर एक छोटा, मुठीत मावेल असा सिनेमाचा कॅमेरा होता. नगरच्या लष्करी कॅम्पातले एक साहेब बदली होताना तो तिच्या वडिलांना देऊन गेले होते. त्या कॅमेऱ्याला एक बटण असं होतं की दाबलं की एकच चित्र निघायचं. एक दाबलं, एक चित्र. "याच्यावर मी चित्रं हलवणार," वहिनी मला म्हणाली. मला ती एकेरीत हाक मारायची आणि वर वन्सं म्हणायची. "वन्सं, तू हात देशील ना गं?"

टीव्ही आमच्याकडे यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. हलणारं चित्र म्हणजे तालुक्याच्या टॉकीजमध्ये मोठ्या सिनेमाच्या आधी कधीमधी दाखवायचे ते ससे-उंदीर, एवढंच मला ठाऊक. वहिनीने दोन स्टुलांवर खिडकीची एक काच आडवी ठेवली, तिच्यावर पतंगाचा पांढरा कागद अंथरला, खाली शंभरचा बल्ब. वर स्टँडला कॅमेरा उलटा बांधलेला. फोटोचा कागद ज्या काळ्या कागदात गुंडाळून येतो, तो ती माहेरून गठ्ठ्याने आणायची आणि त्यातून माणसं कापायची. हात वेगळा, पाय वेगळा, मान वेगळी, सगळं सुईदोऱ्याने जोडलेलं. काचेवर ठेवलं की उजेडावर काळी सावली दिसायची. पाय गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकवायचा, बटण दाबायचं. पुन्हा सरकवायचा, पुन्हा दाबायचं. एका सेकंदाला सोळा चित्रं. एक माणूस दारातून आत येईपर्यंत आमची अख्खी रविवारची दुपार जायची. खिडकीला सोलापुरी चादर लावलेली, आत उकाडा, आणि आई बाहेरून विचारायची, "आला का गं त्यो घरात?" वहिनी ओरडायची, "उंबऱ्यावर आहे अजून!"

हे काम ती फक्त गळीत हंगामात करायची. हंगामात कॉलनीला कारखान्याचीच वीज असायची आणि बल्ब एकसारखा जळायचा. हंगाम संपला की बाहेरची वीज, ती कधी पिवळी, कधी पांढरी, आणि मग पडद्यावर चित्र डोळे मिचकावल्यासारखं दिसायचं. पावसाळाभर ती नुसती माणसं कापत बसायची, वहीत मांडणी करायची आणि धुराडं पेटायची वाट बघायची. बॉयलर पेटला की आमच्या घरात दसऱ्याआधीच दसरा.

आणि तिला भुतांच्याच गोष्टी हव्या असायच्या, जुन्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या. मी विचारलं, रामाची, कृष्णाची का नाही? म्हणाली, "देव कसा चालतो ते लोकांनी ठरवून टाकलंय. भूत कसं चालतं ते कुणी बघितलंय? तिथे मला कोण चुकीचं म्हणणार?" पहिली फिल्म चकव्याची. एक माणूस बाजाराहून निघतो आणि त्याच त्या बांधावरून गोल गोल फिरत राहतो. दर फेरीला बांधावरचं झाड थोडं वेगळं होतं आणि शेवटी झाडच त्याला हाताला धरून गावच्या वेशीत सोडतं. दोन मिनिटांचीही नव्हती. दुसरी पैलवान आणि खविसाची. तिच्यात पैलवान जिंकतो आणि मग खविसाचे पाय चेपत बसतो. ती चित्रकला शिकवायची त्या शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना सतरंज्या लावून तिने त्या दाखवल्या तेव्हा मुलींनी बाकं वाजवून "पुन्हा, पुन्हा" केलं. नगरहून वडिलांचा प्रोजेक्टर एसटीच्या टपावर बांधून आणला होता. परत नेईपर्यंत तिला घास गेला नाही, काच फुटेल म्हणून.

तिसरी गोष्ट भागाबाईने दिली. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, पाथर्डीच्या अंगाने, त्याच्याही पलीकडून. कॉलनीच्या कुंपणापलीकडे त्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या. भागाबाई त्या टोळीतली म्हातारी. तोडणी आता तिला झेपत नव्हती. लेकसुना फडावर गेल्या की ती नातवंडं सांभाळायची, आणि कोपीवर कुणी बाळंत झाली तर बाळंतपण करायची. वहिनीची नि तिची ओळख पाण्यावरून झाली. आमच्या नळावर ती हंडा भरायला यायची आणि हंडा भरेपर्यंत गोष्ट सांगायची. त्यातलीच लांब हाताच्या सुनेची. गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. एका घरात सून येते, देखणी, कामसू. एक दिवस सासू म्हणते, लिंबू आण. सून चुलीपुढून उठत नाही, बसल्या जागेवरून हात लांबवते, हात खिडकीतून बाहेर, परसात, झाडापर्यंत… सासू बघते, किंचाळते, आणि कळतं की ही हडळ. मग तिला मारून झोडून हाकलतात आणि घर वाचतं. मी लहानपणी ऐकली तेव्हा त्या सासूसाठी घाबरले होते.

भागाबाईने वेगळी सांगितली. मला ती दुपार अजून दिसते. हंडा भरून वाहायला लागला होता आणि तिने तोटी बंद केली नव्हती.

"ती बाळातपनात मेलेली हुती," ती म्हणाली. "संसाराची हौस ऱ्हायली. म्हनून पुन्हा आली. कुनाचं काय वाईट केलं न्हाई तिनं. भाकऱ्या थापल्या, शेन काढलं. म्हातारीचे पाय दाबले. त्या दिशी पाटेपासनं राबून दमली हुती, न् परसात जायचा कटाळा केला. येवढंच चुकलं तिचं."

वहिनीने विचारलं, "मग काढल्यावर कुठे गेली?"

"कुटं जाती? तिला दुसरं घर हुतं व्हय? तितंच परसात बसली, लिंबाखाली."

वहिनी जेवणाच्या सुट्टीत घरी आली होती, ती परत शाळेत गेली नाही. संध्याकाळपर्यंत तिने सून कापली. चुलीपुढे बसलेली, मान जराशी खाली. मी आजवर इतकी चित्रं बघितली, पण त्या एवढ्याशा काळ्या कागदात जे होतं… ती बाई दमली आहे हे नुसत्या पाठीवरून कळायचं.

हात हा माझा भाग होता. कागदाची एक लांब पट्टी, तिच्या टोकाला पाच बोटं. सुनेच्या खांद्यापाशी काळ्या कागदात चीर पाडलेली, तिच्यातून पट्टी सरकवायची. वहिनी वर कॅमेऱ्यापाशी, मी खाली काचेपाशी गुडघ्यावर. "एक," ती म्हणायची आणि मी पट्टी जोंधळ्याएवढी ओढायची. बटणाचा टक् आवाज. "एक." पुन्हा. त्या हाताने चूल ओलांडली, उतरंड ओलांडली, खिडकीच्या गजातून बाहेर पडायला दोन रविवार लागले. हात नुसता लांबत नव्हता. वहिनीने त्याला वाटेत कामं दिली होती. जाता जाता तो उतरंडीवरचं कलंडलेलं झाकण नीट करतो, पाळण्याला एक झोका देतो आणि मग बाहेर जातो. हे कुठल्याच गोष्टीत नाही. आणि शेवट तर तिने पारच बदलला. सुनेला हाकलल्यावर घर रिकामं, सगळे तिच्या मागे काठ्या घेऊन बाहेर. चुलीवर डाळ तशीच. डाळ उतू जायला लागते. तेव्हा खिडकीतून तो हात आत येतो, हळूहळू, भांडं चुलीवरून उतरवतो, आणि निघून जातो. संपली फिल्म.

रीळ धुऊन आलं तेव्हा हंगाम संपायला आला होता आणि टोळ्या गावाकडे परतायच्या बेतात होत्या. वहिनी म्हणाली, आधी त्यांना दाखवू. दिवेलागणीला कॉलनीच्या कुंपणाला अण्णाचं पांढरं धोतर बांधलं, प्रोजेक्टरची वायर आमच्या व्हरांड्यातून ओढली. इकडे कॉलनीतली माणसं, तिकडे कोप्यांवरची. धोतरातून आरपार दिसायचं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघता येत होतं. हात लांबायला लागला तसं कुणीतरी "आगं आई" म्हणालं. डाळ उतरवली तेव्हा पलीकडून एका बाईचा हुंदका ऐकू आला. संपल्यावर भागाबाई कुंपणापाशी आली. वहिनीला म्हणाली, "त्ये डाळीचं मी न्हवतं सांगितलं."

"नाही. ते मी घातलं."

भागाबाईने पदर खोचला. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "बरं केलंस."

वहिनीला त्यानंतर आयुष्यात शाळेने, संस्थेने शाली दिल्या, नारळ दिले. तिच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळसारखा आनंद मी पुन्हा बघितला नाही. पुढच्या हंगामाची चौथी फिल्म तिने दुसऱ्याच दिवशी सुरू केली. नदीतल्या जुन्या नावाड्याची, जो मेल्यावरही लोकांना पैलतीरी सोडत राहतो. पावसाळाभरात नाव, वल्ही, बारा उतारू कापून तयार झाले.

आणि त्याच पावसाळ्यात मला मिरजगावचं स्थळ आलं.

मुलगा बघून गेला. मला आवडला. हे मी स्पष्ट लिहिते, कारण पुढे जे झालं त्यात मी गप्प का राहिले त्याचं उत्तर एवढंच आहे. चार दिवसांनी मध्यस्थ आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग त्यांनी आवाज खाली केला. मुलाच्या चुलत्यांच्या कानावर गेलं होतं की या घरातली सून भुतांची चित्रं करते, ती हलवते, आणि मुलगी तिच्याबरोबर बसते. खोली बंद करून, दिवा लावून. "तशी माणसं चांगली आहेत," मध्यस्थ म्हणाले, "पण विचारून घ्या म्हणाले. मुलीला काही… बाधा वगैरे नाही ना?"

आईने हातातली बशी खाली ठेवली. अण्णा जमिनीकडे बघत होता. कुणीतरी हसून उडवून लावायला हवं होतं. मी दाराआड उभी होते. मला हसता आलं असतं. मी बाहेर येऊन म्हणू शकले असते की अहो, तो कागद आहे, मी रोज हाताने सरकवते. मी पदराचं टोक दाताखाली धरून उभी राहिले.

वहिनी आतून बाहेर आली. डोक्यावरून पदर घेतलेला, तो ती एरवी घेत नसे. म्हणाली, "त्यांना सांगा, ते सगळं सामान माझ्या माहेरचं होतं. ते परत गेलं. वन्संचा त्याच्याशी काही संबंध नव्हता."

मध्यस्थ खूश होऊन गेले. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. अण्णाने दुसऱ्या दिवशी स्टँड आणि कॅमेरा पोत्यात बांधून नगरला नेऊन पोचवला. मला वाटलं, ठीक आहे, लग्न होईपर्यंतचंच आहे. लग्न झालं की पोतं परत येईल.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा वहिनी मोरीपाशी बंबापुढे बसली होती. शेजारी कागदांचा ढीग. नाव, वल्ही, बारा उतारू, एकेक करून ती बंबात घालत होती. मी म्हटलं, "वहिनी, अगं हे कशाला?" ती म्हणाली, "कागदच आहेत गं. घरात दिसायला नकोत, पाहुणे येतील." तिचा आवाज अगदी साधा होता. डोळे धुराने लाल झाले होते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मग ती उठली, बंबाची तोटी सोडली आणि बादली भरून माझ्यापुढे ठेवली. "ऊन आहे, घे आंघोळ करून." त्या पाण्याने मी आंघोळ केली.

लग्न झालं. माझा संसार चांगला झाला. आमचे हे मनाने मोकळे. लग्नानंतर तीनचार वर्षांनी मी त्यांना हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा ते चकितच झाले. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. चुलत्यांनी परस्पर चौकशी केली होती. "भुताचा सिनेमा?" ते म्हणाले, "अगं, मी बघायला आलो असतो!" आणि हसले. मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले.

पोतं काही परत आलं नाही. वहिनीचे वडील वारले, स्टुडिओ बंद झाला, कॅमेरा कुठे गेला कुणास ठाऊक. तिला मुलगा झाला, शाळेची नोकरी होती, आईचं आजारपण तिने काढलं. पुढे कोल्हारला घर झालं, तिथे चकव्याचं आणि पैलवानाचं रीळ माळ्यावर पत्र्याच्या डब्यात होतं. नदीकाठची ओल, कधीतरी उघडून बघितलं तर चिकटून त्याचा खडा झाला होता. मी तिला एकदाही विचारलं नाही की पुन्हा का करत नाहीस. दरवर्षी भाऊबीजेला जायचे, चार दिवस राहायचे, तिच्या हातचं खायचे आणि विचारायचं टाळून परत यायचे. विचारलं तर ती काय उत्तर देईल याची मला भीती वाटायची.

लांब हाताच्या सुनेचं रीळ मात्र माझ्याकडे होतं. लग्नाच्या माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, चिवड्याच्या डब्यात तिने ते ठेवलं होतं. चिठ्ठी नाही, काही नाही. सासरी पहिल्याच आठवड्यात मला ते सापडलं. कुणी बघितलं असतं तर! मी ते खाली, आणखी खाली दडपलं. आमच्याकडे हवा कोरडी, पाऊस बेताचा. त्या कोरडेपणाने ते जपलं. गेल्या वर्षी माझी मुलगी अश्विनी ट्रंक आवरताना म्हणाली, "आई, हे काय आहे?" तिने ते पुण्याला नेलं, तिथे कुणीतरी असली जुनी रिळं साफ करून मोबाईलवर बघता येतील अशी करून देतात. फिल्म आता एका फाइलमध्ये मावते. पावणेचार मिनिटं.

गेल्या दिवाळीत मी ती घेऊन कोल्हारला गेले. वहिनी पलंगावर पाय पसरून बसली होती, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, जाड भिंगाचा चष्मा. मी काही न सांगता मोबाईल तिच्या हातात दिला. चूल दिसली. ती पाठ दिसली. वहिनी हसली. "मान अजून थोडी खाली हवी होती," म्हणाली. हात निघाला. चूल, उतरंड, झाकण… आणि एका ठिकाणी ती म्हणाली, "थांब. मागे घे. अजून मागे. हां, इथे." पडद्याच्या कडेला एका क्षणापुरतं काहीतरी काळं दिसून गेलं होतं. थांबवून बघितलं. बोट होतं. माणसाच्या खऱ्या बोटाची सावली, पुढे आलेल्या नखासकट. कॅमेऱ्याचं बटण दाबलं तेव्हा मी हात वेळेत मागे घेतला नव्हता. "बघ," वहिनी म्हणाली, "सगळ्या फिल्ममध्ये खरं माणूस एवढंच. तू." माझं एकवीस वर्षांचं बोट मी बघत राहिले. ते किती निश्चिंत होतं.

तेव्हा मी विचारलं. इतक्या वर्षांनी. "वहिनी, माझ्यामुळे तुझं हे सगळं…"

मला वाटलं होतं ती म्हणेल, छे गं, काहीतरीच. तिने तसं केलं नाही. चष्मा काढला, पदराने पुसला. "वाईट वाटलं होतं," म्हणाली. "खूप दिवस. तुझ्या लग्नात अक्षता टाकतानासुद्धा वाटत होतं." तिने चष्मा पुन्हा लावला. "मग नंतर नाही वाटलं."

"कधीपासून?"

"ते नाही आठवत गं… एक दिवस लक्षात आलं की आज नाही वाटलं." आणि मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाली, "पुन्हा लाव. डाळीपासून लाव."

आम्ही ती चार वेळा बघितली. चौथ्या वेळी अण्णाही येऊन मागे उभा राहिला. संपल्यावर म्हणाला, "धोतर माझं होतं," आणि परत बाहेर गेला. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. ती आमची शेवटची भेट.

परवा मी पुन्हा कोल्हारला गेले. भाचा पुण्याला परतला होता, अण्णा एकटा. कपाटं आवरायची होती. खरं सांगायचं तर मी आशेने गेले होते. वाटत होतं, एखाद्या खोक्यात, गादीखाली, काहीतरी असेल. तिने चोरून काहीतरी कापलेलं असेल, नावाडी पुन्हा केला असेल. दोन दिवस मी सगळं बघितलं. साड्या, शाळेची प्रमाणपत्रं, औषधांच्या पुड्या, मुलींनी काढलेल्या चित्रांचे गठ्ठे. काळा कागद एकही नव्हता. तिने सोडलं होतं म्हणजे खरंच सोडलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात चहा टाकताना दाराशेजारच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. पान ती गेली त्याच महिन्याचं. गॅस आला त्या चौकोनात वहिनीने पेन्सिलीने काढलेलं छोटं सिलिंडर, दूध घेतलं नाही त्या दिवशी पाठमोरी म्हैस. आणि वरच्या, रविवारच्या ओळीत, एक बाई. मला तिला भेटायला जायचं होतं त्या महिन्यात. पहिल्या रविवारी येते म्हटलं होतं, तर गुडघा सुजला. दुसऱ्या रविवारी आमच्याकडे पाहुणे आले. तिसऱ्याला कशामुळे राहिलं ते आता आठवतही नाही. दर वेळी फोनवर सांगितलं, पुढच्या रविवारी नक्की. पहिल्या चौकोनात ती बाई एसटीच्या दारात उभी होती, हातात पिशवी. खोडरबराने पुसलेली, पण पेन्सिलीची खूण राहिलेली. दुसऱ्यात तिचा एक पाय जमिनीवर होता, पुसलेली. तिसऱ्यात ती रस्त्याने चालत होती, पिशवी या हातातून त्या हातात घेतलेली, तीही पुसलेली. चौथी पुसलेली नव्हती. ती फाटकापाशी उभी होती आणि तिचा हात कडीवर होता. त्या रविवारच्या आधीच वहिनी गेली.

अण्णा मागे येऊन उभा राहिला. "तुझा फोन झाला की खोडरबर शोधायची," म्हणाला.

मी गॅस बंद केला. माझी पिशवी भरून ओट्यापाशी ठेवलेली होती, ती उचलली, बाहेर गेले, फाटक ओढून घेतलं आणि रस्त्यावर उभी राहिले. मग कडी काढली आणि अंगण ओलांडून परत आत आले. अण्णा दारातच होता.

"काय गं, काय राहिलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "यायचं राहिलं होतं."